कॅम्पर व्हॅनला इंजिन किती सीसीचं? घाट, वजन आणि ॲव्हरेजचा हिशेब

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. आम्ही दोघं आणि आठवीतली मुलगी. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार कोकणात नाहीतर महाबळेश्वरला आणि वर्षातून एकदा पंधरा-वीस दिवस लांब, म्हणजे राजस्थान किंवा हिमाचल, असा बेत आहे. त्यासाठी कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करून घ्यायची आहे. मिस्टरांच्या डोक्यात फोर्सची ट्रॅव्हलर आहे. माझा भाऊ म्हणतो, एवढं मोठं इंजिन डिझेल पिऊन टाकेल, मारुतीची ईको घ्या. तिसरा पर्याय टाटाच्या विंगरचा. ॲव्हरेज चांगलं मिळायला इंजिन किती सीसीचं असावं?

उत्तर : ताई, निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. तिघांनी आतच झोपायचं, आत ओटा हवा, पाण्याची टाकी हवी, छोटं टॉयलेट हवं, असं असेल तर २.२ ते २.६ लिटरचं, म्हणजे २२०० ते २६०० सीसीचं, टर्बो डिझेल घ्या, त्याच्या खाली उतरू नका. आणि झोपायला दोघंच, स्वयंपाक मागचं दार उघडून बाहेर, अंघोळ एखाद्या लॉजवर, एवढ्यावर भागणार असेल तर १.२ लिटर पेट्रोलची ईको पुरते. तिच्याइतकं ॲव्हरेज मोठ्या गाड्यांतली कुठलीच देणार नाही. फसगत होते ती मोठी बॉडी आणि लहान इंजिन अशी जोडी जमवणाऱ्यांची. ना धड पिकअप, ना ॲव्हरेज, वर क्लचचा खर्च.

भावाचं म्हणणं चूक नाही, अर्धवट आहे. मोठ्या गाडीला जास्त इंधन लागतं हे खरं. पण ते इंजिन मोठं असल्यामुळे नाही, गाडी मोठी असल्यामुळे लागतं.

आकड्यांत बघू. सामानासकट साडेतीन टन भरणारी, उभ्या छपराची व्हॅन सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने चालली आहे असं धरा. तिला अडवणाऱ्या गोष्टी दोन. टायरचं घर्षण साधारण ३५० न्यूटन आणि समोरून येणारी हवा साधारण ५०० न्यूटन. या दोघांना पुरून उरायला चाकांवर १९ किलोवॉट म्हणजे पंचवीसेक हॉर्सपॉवर लागते. बस्स, एवढीच! ११५ हॉर्सपॉवरच्या इंजिनातली पाव शक्तीसुद्धा सपाटीवर वापरली जात नाही. आता हीच गाडी १०० ने पळवा. टायरचं घर्षण जवळपास तेवढंच राहतं, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि ५०० चा ८०० वर जातो. एकूण विरोध एक तृतीयांशाने वाढला. ८० ला १२ देणारी गाडी १०० ला ९ देते, ती यामुळे. इंजिन २.२ असो की २.६, हे चुकत नाही. एक्सप्रेस वेवर शंभरची मुभा आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही.

मग मोठं इंजिन सपाटीवर अजिबात जास्त खात नाही का? थोडं खातं. इंजिन जेवढं मोठं तेवढे त्याचे पिस्टन, बेअरिंग, पंप फिरवण्यात जास्त शक्ती वाया जाते, आणि हलक्या लोडवर चालणारं इंजिन आपल्या सगळ्यात काटकसरीच्या पट्ट्यापासून लांब असतं. पेट्रोलमध्ये हे फार जाणवतं, कारण कमी शक्ती हवी असली की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, अर्धवट मिटतं आणि इंजिनाला हवा ओढायलाच कष्ट पडतात. डिझेलमध्ये शक्ती कमी-जास्त होते ती मुख्यतः डिझेल किती सोडलं यावर, हवेची वाट सहसा कोंडलेली नसते. म्हणून मोठं डिझेल इंजिन हलक्या कामाला लावलं तरी तेवढं महागात पडत नाही. सपाटीवर २.२ ची विंगर २.६ च्या ट्रॅव्हलरपेक्षा लिटरमागे एक-दीड किलोमीटर जास्त देईल, पण त्यातही बराच वाटा ती हलकी आणि आटोपशीर असण्याचा आहे, सीसीचा नाही.

आता घाट. पुण्यातून कोकणाकडे नाहीतर महाबळेश्वरकडे निघा, घाट आडवा येतोच. ताम्हिणी, वरंधा, पसरणी, आंबेनळी. साडेतीन टनांची गाडी शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० ने न्यायची तर चाकांवर ३६ किलोवॉट लागतात, गिअरबॉक्समधली गळती धरून इंजिनाकडून ४० च्या आसपास, म्हणजे साधारण ५४ हॉर्सपॉवर. ट्रॅव्हलर आणि फोर्सच्याच अर्बेनियात असलेल्या २.६ लिटरच्या इंजिनात १४०० ते २२०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) दरम्यान ३५० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. त्याला हे काम १९०० आरपीएमच्या आतबाहेर, जीव न काढता जमतं. विंगरचं २.२ लिटर इंजिन १०० हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन-मीटरचं. तेवढीच शक्ती द्यायला १९०० आरपीएमला त्याला संपूर्ण टॉर्क ओतावा लागेल, म्हणून प्रत्यक्षात गिअर पाडून २५०० ला घेऊन जावं लागतं. तेही चालतं. विंगर भरली तरी सहसा साडेतीन टनांपर्यंत जात नाही, त्यामुळे तिचा घाट बरा निघतो. पण याच वजनाखाली ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन घातलं तर ते चढभर फुल रेझवर राहणार, मागे गाड्यांची रांग लागणार, आणि हेअरपिन वळणावर हाफ क्लच केला की वास सुटणार. लहान इंजिनाने वाचवलेलं डिझेल अशा दोन-तीन घाटांत परत जातं.

पेट्रोलचं आणखी एक. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की इंजिन आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर फार तापू नयेत म्हणून कॉम्प्युटर मिश्रणात पेट्रोल वाढवतो. त्या वेळी जाळलेल्या प्रत्येक थेंबामागे काम कमी होतं. लहान पेट्रोल इंजिन ओव्हरलोड केलं की ॲव्हरेज असं अचानक कोसळतं.

आता जो मुद्दा लोक ऐकूनच घेत नाहीत तो. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला चढताना तुमची गाडी जवळजवळ १३०० मीटर वर उचलली जाते. साडेतीन टन एवढ्या उंचीवर न्यायला साडेबारा किलोवॉट-तासाच्या आसपास ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॉट-तास असतात, त्यातला चाकापर्यंत पोहोचतो तिसरा हिस्सा. म्हणजे नुसतं उचलण्याचं भाडं पावणेचार लिटर. यात सीसी कुठेच आली नाही, आलं ते फक्त वजन. तीनशे किलो कमी केलेत तर दर चढाला तीनशे मिलिलिटर वाचतात, सपाटीवर तीनेक टक्के वाचतात, आणि ब्रेक, टायर, सस्पेन्शन तुम्हाला दुवा देतात ते वेगळं.

तीनशे किलो कुठून येतात विचाराल, तर सुताराकडून. घरच्या फर्निचरची सवय असलेला माणूस भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा प्लाय उचलतो. आठ बाय चारची एक शीट पस्तीस-चाळीस किलोची. अशा दहा शीट लागल्या की पावणेचारशे किलो झाले, सनमायका आणि फेविकॉल वेगळे. बेडची चौकट ॲल्युमिनियम सेक्शनची, वर ९ किंवा १२ मिलिमीटर प्लाय, कपाटांची दारं आणखी हलकी, असं केलं तर हेच काम निम्म्या वजनात होतं. घरच्या इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या शंभर किलोच्या वर जातात. तेवढीच वापरता येणारी वीज देणारी लिथियम बॅटरी पंचवीस-तीस किलोत येते. महाग आहे, पण कॅम्परमध्ये तिचे पैसे फिटतात. पाण्याची टाकी शंभर लिटरची केलीत तरी पुण्यातून ती भरून निघायचं कारण नाही. कोकणात पाणी मिळतं. चाळीस लिटर घेऊन निघा, मुक्कामाच्या आधी भरा. ग्रॅनाइटचा ओटा मागणारी गिऱ्हाइकंही मला भेटली आहेत. तुम्ही त्यातल्या नसाल अशी आशा आहे.

वजनाचा भाऊ म्हणजे उंची. छपरावर रूफटॉप एसी, कॅरिअर, गुंडाळलेला मांडव, सोलरच्या तिरक्या लावलेल्या पाट्या, या सगळ्याला हायवेवर हवा आपटते. सोलर पॅनल छपराला लागून सपाट बसवा, कॅरिअर लागेल तेव्हाच चढवा. ट्रॅव्हलर छपरासकट सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये शिरेल का, हेही टेप घेऊन आजच मोजा. कोथरूडच्या जुन्या इमारतींत बहुतेक शिरत नाही, आणि मग ती रस्त्यावर उभी करण्यावरून शेजाऱ्यांशी जे होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता तुमच्या तीन गाड्या. ईकोत १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ८१ हॉर्सपॉवर. कंपनीचा आकडा पेट्रोलवर लिटरला १९.७१ किलोमीटर आणि सीएनजीवर किलोला २६.७८. हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या चक्रानुसार काढतात. त्या चक्रात वेग ९० च्या वर जात नाही आणि त्यात ताम्हिणी घाटही नसतो. आत हलका बेड आणि सामान, वर दोन माणसं, असं धरलं तर घाटासकट १४-१५ अपेक्षित धरा. सीएनजी घेतली तर शक्ती दहाएक टक्के आणखी घटते, आणि जिथे तुमचा बेड येणार तिथेच सिलिंडर येतो. आठवडाभर शहरात फिरवणाऱ्याला ते परवडतं, कॅम्परला मी पेट्रोलच सुचवतो. भरलेली ईको दीड टनाच्या आसपास असायला हवी. त्यापुढे गेलात की ती पसरणी घाटातही दम टाकते.

आणि ईको हिमाचलला नेणार असाल तर आणखी एक हिशेब. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के शक्ती गमावतं, कारण हवाच विरळ. अटल बोगदा ३१०० मीटरवर आहे. तिथे ईकोचे ८१ हॉर्सपॉवर पंचावन्न-छप्पन्न होतात. रोहतांग ३९७८ मीटर, तिथे आणखी कमी. टर्बो डिझेल ही तूट बरीचशी भरून काढतं, कारण टर्बो विरळ हवाही दाबून आत घालतो. वर्षातून एकदाचा हिमाचल तुमच्यासाठी खरा असेल तर हा मुद्दा सीसीपेक्षा वजनदार आहे. राजस्थानवरच भागणार असेल तर सोडून द्या.

विंगर पुढच्या चाकांवर चालते. मागच्या चाकांना शक्ती नेणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) नाही, म्हणून आतली फरशी खाली मिळते आणि तुमच्या मिस्टरांना छप्पर फार न वाढवता उभं राहता येतं. त्याची किंमत अशी की सगळं जड सामान मागे ठेवलंत तर चढावर पुढची चाकं हलकी पडतात. गुहागरकडच्या एखाद्या वाडीत उतरणारी लाल मातीची ओली कच्ची वाट चढून परत यायचं असेल तर ती जागेवर फिरू लागतात. बॅटरी आणि पाण्याची टाकी चालकाच्या सीटमागेच बसवून घ्या. तिघांच्या कुटुंबाला, महिन्याला एक घाट, अशा वापराला विंगर मला सगळ्यात समतोल वाटते. घाटासकट ११ च्या आसपास धरा.

ट्रॅव्हलर म्हणजे आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची, पूर्वीच्या बजाज टेंपोची. गावोगावी तिचं काम करणारा मिस्त्री भेटतो, ही तिची खरी ताकद. मागची चाकं ओढतात, चासी दणकट, चढावर विचार करावा लागत नाही. जागा हवी, टॉयलेट हवं, सासू-सासरेही कधीतरी येणार, तर हीच. साडेनऊ ते साडेदहा देईल. अर्बेनियात तेच २.६ चं इंजिन नव्या बॉडीत मिळतं, चालवायला कारच्या जवळ जाते, पण किंमत बघून बसा. मोठ्या गाडीचा सगळ्यात लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मात्र घेऊ नका. त्यातली वाढीव जागा कपाटांनी भरते आणि कपाटं सामानाने.

आता पैशाचा हिशेब, कारण ॲव्हरेज शेवटी त्यासाठीच. तुमच्या बेताप्रमाणे वर्षाला आठ हजार किलोमीटर होतील. डिझेल ९० रुपये धरू. १० देणारी गाडी ८०० लिटर म्हणजे ७२ हजार खाते. साडेअकरा देणारी साधारण ६२,६०० खाते. फरक साडेनऊ हजारांच्या आत, महिन्याला आठशेही नाही. कॅम्परच्या आतल्या कामाला काही लाख जातात तिथे हा फरक गाडी निवडायला पुरेसा नाही. हाच फरक तुम्ही १०० ऐवजी ८० ने चालवून कुठल्याही गाडीत मिळवू शकता. त्यामुळे गाडी जागेवरून आणि घाटावरून निवडा.

सीसीपेक्षा जास्त विचारायची गोष्ट म्हणजे टॉप गिअर. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, टेस्ट ड्राइव्हला स्वतः बघा. ८० च्या वेगाला टॉप गिअरमध्ये डिझेल १८०० ते २२०० च्या दरम्यान फिरायला हवं. २६०० च्या वर फिरत असेल तर हायवेवर ते विनाकारण इंधन आणि आवाज खर्च करतं. उलट पहिला गिअर पुरेसा छोटा हवा, नाहीतर हेअरपिनला क्लचवर खेळत बसावं लागतं.

उतारावर एक सवय मोडा, असली तर. न्यूट्रल टाकून डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिनं इंधन पूर्ण बंद करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते सोडावंच लागतं. आणि न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या जड गाडीचं काय होतं हे नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर पुणेकरांनी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

डिझेल घेणार असाल तर बीएस-६ चा, म्हणजे धुराच्या नव्या नियमांत बसणाऱ्या इंजिनाचा, स्वभाव समजून घ्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, आणि तो तापतो सलग हायवेवर. कॅम्पर महिनाभर उभी ठेवायची आणि मध्येच भाजी आणायला सिंहगड रोडला न्यायची, असं केलंत की डीपीएफ कोंडतो, दिवा लागतो. तिला चांदणी चौकातून बाहेर काढून अर्धा तास एका लयीत चालवा. रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार : तासाला पाऊण ते एक लिटर डिझेल, सगळी काजळी, आणि बंद गाडीत धूर शिरण्याचा धोका. त्याला उत्तर बॅटरी, पंखा आणि मुक्काम उंचावर.

‘जुनी गाडी घेऊन नवं इंजिन टाकू’ असं कुणी सुचवेल. नको. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ वैशिष्ट्यांत मनाने बदल करता येत नाहीत. सीट काढून बेड टाकणं हेही आरटीओला विचारूनच. कॅम्पर म्हणून मंजुरी असलेल्या बॉडी बिल्डरकडून काम करून घेतलं तर पासिंग आणि इन्शुरन्स दोन्ही सुटतात. आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच्याकडून त्याने आधी पास करून घेतलेल्या गाडीच्या आरसीची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर दुसरा बघा.

निर्णयाआधी एवढं करा. विंगर आणि ट्रॅव्हलर दोन्ही एकेका दिवसाला भाड्याने मिळतात. चालकासकट घ्या, पण सीटवर माणसांऐवजी पाण्याचे भरलेले कॅन ठेवा, अंदाजे सातशे किलो. वजनकाट्यावर एकदा चढवा. पौड रोडच्या पंपावर टाकी ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, भरा, ताम्हिणी उतरून माणगावपर्यंत जा, त्याच वाटेने चढून परत या, आणि त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. चढताना लिहून ठेवा : कुठला गिअर लागला, आरपीएम किती होता, टेम्परेचरचा काटा हलला का, क्लचचा वास आला का. ट्रॅव्हलरने ताम्हिणी तिसऱ्यात काढला आणि विंगरने दुसऱ्यात, आणि ॲव्हरेजमध्ये फरक एक-दीडचाच निघाला, तर तुम्हाला फक्त टॉयलेट हवं की नको एवढंच ठरवायचं उरतं.